मेहुण्याची किडनी

आमच्या चष्मेवाल्याला दुकानात कुणी चार शब्द वेडेवाकडे बोलून गेलं, तरी तो मनावर घ्यायचा नाही. पण मेहुण्याचं नाव निघालं की गडी आतल्या आत जळायचा. कारण बायकोच्या पोटात जी किडनी होती, ती त्या मेहुण्याची.

खरं तर आधी हाच द्यायला निघाला होता. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बाळंतपणांत यांच्या रक्तात तुमच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात. तुमची किडनी यांचं शरीर टिकू देणार नाही."

"तीन पोरं होईपर्यंत चाललो की मी," तो म्हणाला. कुणी हसलं नाही. मग बायकोचा धाकटा भाऊ पुढे झाला आणि त्याचं मात्र सगळं जुळलं.

तेव्हापासून दर महिन्याच्या रक्ततपासणीनंतर मेहुण्याचा फोन. "ताई, क्रिएटिनिन किती?" ती सांगायची, "एक पूर्णांक एक," आणि किडनी नीट चालल्याच्या त्या आकड्यावर बहीणभाऊ खूश. इकडे चष्मेवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. वर पुन्हा सकाळ-संध्याकाळ आठच्या ठोक्याला मेहुणा किडनी टिकवायच्या गोळ्यांची आठवण करायचा. एके दिवशी याने फोन हिसकावलाच. "मी मेलोय का? गोळ्या मी देईन. तू फोन करायचा नाहीस."

हट्टाने डबीसुद्धा त्याने खाली दुकानाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. सकाळची गोळी वेळेवर जायची. संध्याकाळी आठ म्हणजे गिऱ्हाइकांची झुंबड, हा मान खाली घालून काचा घासतोय. बायकोने वरून हाक मारली की "आलो, आलो." कधी साडेनऊ व्हायचे, कधी दहा. पाच-सहा वेळा तर साफ विसरला.

डबी खाली आल्यापासून चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन चढून एक पूर्णांक नऊ. डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही बोलावलं. "रक्तात औषध कमी पडलंय. आणि आता भावाच्या किडनीविरुद्धही अँटीबॉडी दिसतायत."

खोटं कशाला सांगू, चष्मेवाल्याला क्षणभर बरं वाटलं. म्हणजे तिच्या रक्ताला आता तोही नकोसा झाला. मग बायकोचे सुजलेले पाय दिसले आणि ते बरं वाटणं तिथेच विरलं.

"गोळ्या चुकल्या का?"

"मीच विसरायचे," बायको लगेच म्हणाली.

"नाही," तो म्हणाला. "डबी माझ्याकडे होती. याने फोन करू नये म्हणून मीच..."

"आत्ताच भरती करा. तीन दिवस इंजेक्शनं देऊ, मग पुन्हा रक्त बघू. किडनी वाचेलच असं मी सांगत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मेहुणा उठला. आता हा कानाखाली वाजवणार, असं चष्मेवाल्याला वाटलं, आणि वाजवावी असंही वाटलं. मेहुण्याने फक्त ताईची पिशवी उचलली. "चला भाऊजी, उशीर नको."

एवढं मोठं मन याला कुठून मिळालं, म्हणून चष्मेवाला पुन्हा जळला, बायकोचा हात हातात धरून, तिथेच.