टाळूवर मायचा हात

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायची. पुलगावला आमचं किराणा दुकान आहे, समोर दिसेल तेच खरं मानायची सवय. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय...

हायवेवर जाम गावाजवळ ह्यांचा अपघात झाला. मेंदूला सूज होती म्हणून डॉक्टरांनी कवटीचं हाड काढलं आणि काही महिन्यांनी तिथे प्लेट बसवली. घरी आणल्यावर सासूबाई मेथी घातलेलं कोमट तेल घेऊन हजर. तान्ह्या बाळाची टाळू भरतात ना, तशी ह्या एवढ्या मोठ्या लेकाची भरणार होत्या! टाके ओले, डॉक्टरांची सक्त मनाई. तरी त्या रोज वाटी घेऊन यायच्याच. एकदा हे वैतागून ओरडले, "हात नको लावू म्हटलं ना, माय!"

त्या गुपचूप आत गेल्या. पुन्हा कधी त्यांनी ह्यांच्या डोक्याला हात लावला नाही. त्याच हिवाळ्यात हार्ट अटॅकनं गेल्या.

उन्हाळ्यात एका सकाळी हे पलंगावर बसून म्हणाले, "माय टाळू भरून राह्यली. लय जोरात दाबून राह्यली."

"काऊन जी, काहीही बोलून राह्यले?" मी म्हटलं. प्लेटवरची कातडी बधिर — कंगवा टोचला तरी ह्यांना कळत नसे. तरी पाहिलं. सूज नाही, ताप नाही. केस मात्र ओले, आणि मेथीच्या तेलाचा वास... सासूबाई गेल्यापासून ते तेल घरात कुणी केलंच नव्हतं.

घाबरून दवाखान्यात नेलं. स्कॅनमध्ये प्लेटखाली पू निघाला. "वेळेत आणलंत, नाहीतर मेंदूपर्यंत गेलं असतं," डॉक्टर म्हणाले. केसांतला ओलावा पूचाच असणार, असंही म्हणाले. असेल. पण पूला मेथीचा वास येतो?

प्लेट काढली, इंजेक्शनं झाली, बऱ्याच महिन्यांनी नवी बसवली. ह्या वेळी जखम छान भरली. डॉक्टरांनी तेल लावायलाही परवानगी दिली.

तेव्हापासून हे रोज सकाळी अंगणात मान खाली घालून बसतात. "आता डॉक्टर हो म्हणते, माय. लाव ना," हळूच म्हणतात. बघून माझा जीव तुटतो. तो हात पुन्हा आला नाही. तेव्हा तरी कसा आला होता, मला आजही सांगता येत नाही.

"मी लावून देऊ का?" एकदा विचारलं.

"थांब ना थोडं," म्हणाले.

म्हणून मी लावत नाही. मेथी घालून तेल कोमट करते आणि वाटी ह्यांच्याजवळ ठेवून दुकान उघडायला जाते.