चार जणांच्या दशम्या

एका ऑक्टोबरात माझ्या बायकोने पहाटे साडेचारला उठून ज्या तीन माणसांसाठी दशम्या लाटल्या, ती माणसं जगात नव्हतीच. ती मी तयार केली होती. हे लिहिताना आजही कान गरम होतात. पण त्या दोन दिवसांत मी जितका आनंदात होतो तितका फार कमी वेळा असतो, हेही खरं आहे.

ओमानमध्ये सुट्टी गुरुवार-शुक्रवारची शुक्रवार-शनिवार झाली, त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीची ही गोष्ट. मस्कतला येऊन मला सतरा वर्षं झाली होती. सुरुवातीला वादी अदाईतल्या एका खोलीत आम्ही सहा जण राहायचो. मग लग्न झालं, त्याच भागात फ्लॅट घेतला, मुलगी झाली. एकदा हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की जन्मापासून एकही अख्खा दिवस मी एकट्याने काढलेला नाही.

हा हिशेब डोक्यात येण्याचं कारण अझैबातलं एक यार्ड. मी मोठ्या इमारतींच्या एसी प्लांटची देखभाल बघतो. कामावर जाताना त्या यार्डात एक पिकअप दिसायची. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तशी. मागे एक पांढरी खोली, तिला खिडकी, खिडकीला चक्क पडदा. युरोपातले पर्यटक ती भाड्याने घेऊन डोंगरात जात. मला त्या पडद्याचं वेडच लागलं.

आता बायकोला सरळ सांगायला काय हरकत होती? पण ‘मला दोन दिवस एकट्याने राहायचंय’ हे वाक्य आमच्याकडे कुणी कधी उच्चारलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याला त्यातून एकच अर्थ कळणार: तुमचा कंटाळा आला. म्हणून एका संध्याकाळी मी म्हणालो, “शुक्रवार-शनिवार इब्रीला प्लांट शटडाउन आहे, दुरुस्तीसाठी.”

“एकटेच जाणार?”

“नाही, चौघं.”

“कोण कोण?”

इथे थांबायला हवं होतं. पण खोट्याची सवय नसलेला माणूस जास्त तपशील देतो. दोघांची कुटुंबं गावी आहेत, बिचारे खानावळीत जेवतात, असं मी म्हणालो. तिसरा कसा असावा ते सुचेना. तोंडातून गेलं, “आणि एक जैन आहेत.”

तिने मान हलवली, एवढंच. शुक्रवारी पहाटे मला लाटण्याच्या आवाजाने जाग आली. ओट्यावर पिठाचा मोठा स्टीलचा डबा रिकामा करून ठेवला होता आणि त्यात गुळाच्या दशम्या रचणं चाललं होतं. चाळीस. शेंगदाण्याची चटणी एका बाटलीत. शेजारी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली वेगळी पुरचुंडी.

“ही बिनलसणाची,” ती म्हणाली. “त्या जैनांची. विसरू नका हं, त्यांनाच द्या.”

तेव्हाच सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी डबा उचलला आणि खाली आलो.

यार्डातला मॅनेजर मल्याळी होता. फॉर्म भरता भरता त्याने विचारलं, “फॅमिली?”

“नहीं.”

“फ्रेंड्स?”

“नहीं.”

त्याचं पेन थांबलं. “अकेला? झगडा हुआ क्या, साब?”

“नहीं, नहीं.”

“होता है,” तो म्हणाला आणि एक जादा ब्लँकेट काढून दिलं. “ऊपर बहुत ठंडा. घर में भी ठंडा, ऊपर भी ठंडा.”

निझव्याच्या रस्त्याला लागलो तेव्हा वळणावर डबा सीटवरून घसरायला लागला. मी गाडी बाजूला घेतली आणि त्याला सीटबेल्ट लावला. पुढे जबल अख्दरच्या पायथ्याशी पोलिसांची चौकी लागते. फोर व्हील ड्राइव्ह गाडी असल्याशिवाय तिथून वर सोडत नाहीत. पोलिसाने कागद पाहिले, मग बेल्ट लावून बसलेला डबा पाहिला.

“हे काय?”

“खुब्ज,” मी म्हणालो. अरबीत भाकरीला, पोळीला, सगळ्याला हाच शब्द चालतो.

“यल्ला,” म्हणजे ‘चल’, असा त्याने हात हलवला. त्या डब्याविषयी माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं उत्तर.

वर पोचलो आणि खरं सांगतो, सगळं विसरलो. जुनिपरची वेडीवाकडी म्हातारी झाडं, राखाडी खडक, आणि मस्कतमध्ये कुठेही मिळत नाही अशी गार हवा. दरीच्या कडेपासून बऱ्यापैकी आत एका झाडाखाली गाडी लावली. मागच्या खोलीत एक पलंग, एक शेगडी आणि ओंजळभर आकाराचं सिंक होतं. मी चहा केला, सांडला, पुन्हा केला. दार उघडं ठेवून पाय बाहेर काढून आडवा झालो. मोठ्याने गाणी म्हटली. मला गाता येत नाही हे सांगायला कुणी नव्हतं. दुपारी कुणी ‘जेवायला बसा’ म्हटलं नाही म्हणून चारला जेवलो. एका दगडाकडे किती वेळ बघत बसलो, सांगता येणार नाही. आठच्या आत झोपलोसुद्धा.

फक्त डबा उघडला की मी दशम्या मोजायला लागायचो. एकट्याने किती खाणार? जेवताना चार, चहाबरोबर दोन. चौतीस उरल्या. टाकणं शक्य नव्हतं. परत नेणंही शक्य नव्हतं. चार माणसं शटडाउनला जाऊन चौतीस दशम्या परत आणत नाहीत. आणि ती पुरचुंडी तर मी हातातही घेऊ शकत नव्हतो.

सकाळी शेळ्यांच्या आवाजाने उठलो. त्यांच्या मागून एक वयस्कर ओमानी गृहस्थ काठी टेकत आले. सलाम झाले, खुशाली झाली, मी चहा दिला. ते दगडावर बसले. फौजेत बलुची लोकांबरोबर राहिल्याने हिंदी येते, म्हणाले. मी डबा पुढे केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, मग गाडीकडे.

“बाकी लोग सोता है?”

“बाकी कोई नहीं.”

“तो इतना रोटी?”

का कोण जाणे, त्या अनोळखी माणसापुढे मला खोटं बोलवेना. “औरत को बोला, चार आदमी जाता है,” मी म्हणालो. “एक सच. तीन झूठ.”

त्यांनी डब्यातले थर बोटाने मोजले. मग इतक्या जोरात हसले की शेळ्या बिचकल्या. “तीन झूठ! और झूठ इतना खाता है?”

डोळे पुसत त्यांनी डबा स्वतःच उचलला. “यल्ला. घर.”

घर खालच्या गावात होतं, डाळिंबांच्या बागांना लागून. बैठकीत चटई, खजूर, कॉफी. मुलं, नातवंडं जमली. दशमी मधात बुडवून खाल्ली गेली आणि पाहता पाहता थर खाली गेले. म्हातारबाबांनी माझी गोष्ट आतल्या खोलीकडे तोंड करून अरबीत सांगितली. पडद्याआडून बायकांचं हसू आलं. मीही हसलो. लाज वाटत होती, पण वाटून घेतलेली लाज हलकी होते.

मग पडद्याआडून एका वयस्कर बाईंचा आवाज आला. बाबांनी भाषांतर केलं, “मेरी औरत पूछती है, तुम्हारी औरत कितना बजे उठी?”

“साढ़े चार.”

त्यांनी ते आत सांगितलं. आतलं हसू थांबलं.

निघताना डबा परत आला तो घासून लख्ख आणि डाळिंबांनी गच्च भरलेला. “डब्बा खाली नहीं जाता,” बाबा म्हणाले. हे मला शिकवायला नको होतं. माझी आईही शेजारणीची वाटी परत करताना तळाला चिमूटभर साखर तरी घालायची. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. “मेरी औरत बोलती है, ये तुम्हारा नहीं. रोटी जिसने बनाया, उसका. डब्बा किसने भरा, उसको बोलना.”

मी छातीवर हात ठेवला आणि हो म्हणालो.

उतारावर पहिल्या गिअरमध्ये गाडी गुरगुरत होती आणि माझं डोकं कामाला लागलं होतं. पायथ्याशी पोचेपर्यंत एक वाक्य तयार झालं: परतताना निझव्याच्या बाजारात थांबलो, तिथे डाळिंबं घेतली. वाटेत बिदबिद गाव येईपर्यंत त्याला हातपाय फुटले. कोण उतरलं, कुणी भाव केला. त्या जैनाला तर मी डाळिंब सोलतानाही पाहिलं. मग मला माझीच भीती वाटली. एवढ्या सहज?

अझैबात मॅनेजरने चावी घेतली. “समझौता?”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो.

बायकोने दार उघडलं. “आलात? हातपाय धुवा.” डबा हातात घेतला, वजनाने थोडी वाकली. “तिघांना आवडल्या का?”

“तिघं नव्हते,” मी म्हणालो. तिथेच, दारात. खिशातून न सोडलेली पुरचुंडी काढून तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. यार्ड, पडदा, डोंगर, म्हातारबाबा, ‘कितना बजे उठी’ सुद्धा.

तिने शांतपणे चपलांचं कपाट उघडलं. आत माझे सेफ्टी शूज होते. वर हेल्मेट.

“शुक्रवारी सातलाच बघितले,” ती म्हणाली.

“मग फोन का नाही केलास?”

“काय विचारणार? आधी वाटलं, कुणी बाई आहे. मग म्हटलं, बाईकडे जाणारा माणूस बरोबर एक जैन आहेत असं सांगणार नाही.” तिने कपाट लावलं. “मग वाटलं, नोकरी गेली. त्या खालच्या मजल्यावरच्यांनी नाही का, दोन महिने घरी सांगितलंच नव्हतं. रोज डबा घेऊन निघायचे आणि बागेत बसायचे.”

मी दगडाकडे बघत बसलो होतो तेव्हा ती हे बघत होती.

“चुकलो,” मी म्हणालो.

“चुकलातच. डोंगरावर गेलात त्याचं काही नाही. पण त्या जैनासाठी मी मिक्सर दोनदा धुतला!” आणि तिला हसू फुटलं. रागातलं होतं, पण हसू होतं. मुलगी आतून आली, डाळिंब उचललं आणि अडखळत विचारलं, “मग ते जैन अंकल... रियलमध्ये नाहीतच?”

रात्री तिघांनी डाळिंबं सोलली. बायकोने त्या बाईंबद्दल दोनदा विचारलं: दिसल्या का, किती वयाच्या होत्या. मी पाहिलंच नव्हतं. “त्यांना कळलं,” एवढंच म्हणाली.

चार दिवसांनी चहा गाळताना ती म्हणाली, “मलाही एक शुक्रवार हवाय. एकटीला.”

तिने म्हटलं, आणि काहीही कोसळलं नाही. ते वाक्य इतकं सोपं होतं.

पुढच्या महिन्यात ती बसने सूरला गेली. दिवसभर लाकडी जहाजं बांधणाऱ्यांच्या समोर बसून होती, म्हणे. त्या दिवशी पहाटे साडेचारला मी उठलो. पीठ तीनदा सैल झालं, दोनदा घट्ट. सात वाजता आठ दशम्या तयार झाल्या, त्यातल्या एकीचाही आकार दुसरीशी जुळत नव्हता. डबा दिला तेव्हा तिने झाकण उघडून पाहिलं आणि पुन्हा बंद केलं.

संध्याकाळी ती उन्हाने लाल होऊन, खुशीत परतली. डब्यात दोन दशम्या उरल्या होत्या.

“डबा रिकामा आणू नये,” ती म्हणाली. “ह्या तुमच्यासाठी. खाऊन बघा, म्हणजे कळेल.”

खाल्ल्या. चावायला बराच वेळ लागला.