डोळ्यांखालच्या चार घड्या

आई फोटो स्टुडिओत रिटचिंग करते. पुढच्या खोलीत मालक फोटो काढतात आणि पडद्यामागच्या पाच बाय सहाच्या खोपटात आई कॉम्प्युटरवर लोकांचे चेहरे नीट करते. मुरूम, व्रण, चष्म्यावरची चकाकी, सगळं जातं. तिचा क्रम ठरलेला आहे. आधी डोळ्यांखाली, मग नाक, मग हनुवटी. वीस वर्षांत तो तिच्या मनगटात बसलाय. ती फोनवर कुणाशी कडाकडा भांडत असली तरी माउस आपला डोळ्यांखालून फिरून येतो.

आणि तिच्याच पोटी मी आले, दोन्ही डोळ्यांखाली दोन-दोन घड्या घेऊन.

त्यावरून लोकांनी तिला कधी सुखानं बसू दिलं नाही. चौथीत असताना शाळेतल्या बाईंनी वहीत लिहून पाठवलं, 'मुलीची झोप पुरी होत नाही असे दिसते.' आईनं खाली लिहिलं, 'मुलगी रोज नऊ तास झोपते. तुमचा तास धरला तर दहा.' पुन्हा चिठ्ठी आली नाही. मला मात्र वर्षभर पहिल्या बाकावर बसवलं.

मावशी तर घरी येऊनच सुरू व्हायची. "ताई, जगाचे चेहरे गुळगुळीत करतेस आणि घरात हे काय?"

"घड्या आहेत. तुझ्या चादरीला नसतात?"

"चादरीच्या इस्त्रीनं जातात."

"म्हणूनच तुला माझ्या पोरीपासून लांब ठेवते."

बाहेर अशी वाघीण. आतलं मला उशिरा कळलं. पाचव्या वर्षापासून दर वाढदिवसाला ती मला स्टुडिओत त्याच स्टुलावर, त्याच दिव्याखाली बसवायची, फोटो काढायची आणि मागे तारीख घालायची. मला वाटायचं, हौस आहे. आठव्या वाढदिवसाला मी पडद्याआड डोकावले, तर स्क्रीनवर माझे सातव्या आणि आठव्या वर्षीचे डोळे शेजारी-शेजारी, चौपट मोठे केलेले, आणि आई पट्टी लावून घडी मोजत होती. दोन डॉक्टर झाले. रक्त तपासलं, नाक तपासलं, उशा बदलल्या. दोघांनी एकच सांगितलं, चेहऱ्याची ठेवणच तशी आहे, पोरगी ठणठणीत आहे. आई मान हलवायची आणि पुढच्या वर्षी पुन्हा पट्टी काढायची.

दहावीनंतर मला मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जायचं होतं. प्रवेश परीक्षेचा अर्ज आईनं भरला, फोटोही तिनंच लावला. परीक्षा सकाळी होती आणि दुपारी तिसऱ्या डॉक्टरची वेळ घेतलेली. माझे अकरा वाढदिवसांचे फोटो पाकिटात घालून तिनं पर्समध्ये टाकले. "तिथून परस्पर जाऊ," म्हणाली. पेपरच्या दिवशी कोण वाद घालणार?

दारावरच्या तपासनिसांनी प्रवेशपत्र बघितलं, मला बघितलं, पुन्हा प्रवेशपत्र बघितलं.

"ही तुझी बहीण का?"

"मला बहीण नाही. मीच आहे ती."

"हिच्या डोळ्यांखाली काही नाही. आणि तुझ्या इथं..." त्यांनी लाल पेनचं टोपण स्वतःच्या डोळ्याखालून फिरवलं. "दुसरं ओळखपत्र आहे?"

मी शाळेचं दिलं. शाळेचे सगळे फोटो आमच्याच स्टुडिओतले. त्यातही मी तितकीच गुळगुळीत.

"बाजूला उभी राहा. बरोबर कोण आलंय?"

फाटकाबाहेरून आईला बोलावलं. प्रवेशपत्र हातात घेताच तिचा चेहरा उतरला. माझ्या तोंडावरून माउस कधी फिरवला, तिला आठवतही नव्हतं.

"मीच पुसल्यात," ती म्हणाली. "सवयीनं."

"ताई, चूक तुमची असेल, पण मी हिला आत कशी सोडू?"

घंटेला बारा मिनिटं होती. आईनं पर्समधलं पाकीट काढलं आणि अकराच्या अकरा फोटो टेबलावर ओळीनं मांडले.

"मागे तारखा आहेत. घड्या मोजा. उजवीकडची आतली घडी डावीपेक्षा जरा लांब आहे, पहिल्यापासून. आता हिच्याकडे बघा."

तपासनीस खरंच मोजायला लागले. टोपण फोटोवर, मग माझ्याकडे, मग पुढच्या फोटोवर. मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मी मान वर केली आणि खिडकीच्या उजेडाकडे वळले. बघायच्याच आहेत तर नीट बघा.

"एवढे फोटो बरोबर कशाला आणलेत?"

"डॉक्टरला दाखवायला."

"आजारी आहे का ही?"

आईनं त्या ओळीवरून पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत बोट फिरवलं.

"नाही," ती म्हणाली. "आजारी नाही. अशीच आहे ती."

त्यांनी शेवटचा फोटो प्रवेशपत्राला चिकटवला, आईची सही घेतली आणि मला सोडलं. सोडता सोडता म्हणाले, "झोपत जा गं वेळेवर."

"नऊ तास झोपते," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

पेपर सुटल्यावर मी भांडायच्या तयारीनंच बाहेर आले. "मी डॉक्टरकडे येणार नाही," आधीच सांगून टाकलं.

"मी वेळ रद्द केली," आई म्हणाली. "दरवर्षी मागच्या एकाच फोटोशी ताडून बघायचे. जरा सावली वेगळी दिसली की काळजात धस्स व्हायचं. सगळे एकत्र कधी मांडलेच नव्हते. केसभरही हलल्या नाहीत गं."

आता स्टुडिओत कुणी बाप म्हणाला की "पोरीच्या डोळ्यांखालचं तेवढं काढा," तर आई स्टुलावरच्या पोरीला विचारते, "काढू का गं?" पोरगी नको म्हणाली की विषय संपला.

"बाई, गिऱ्हाईक बाप आहे," मालक कुरकुरतात.

"चेहरा तिचा आहे."

डिप्लोमाच्या ओळखपत्राचा फोटो तिनं स्वतः काढला. मी मागे उभी राहून बघत होते. माउस नेहमीसारखा आधी डोळ्यांखालीच गेला. पण पुसायला नाही. तिनं चारही घड्यांची सावली जराशी गडद केली.

"हेही रिटचिंगच झालं की," मी म्हटलं.

"गप बस," आई म्हणाली. "आता अडवून दाखवा म्हणावं."