सासूबाईंचा समुद्र

हे मी आमच्या चर्चच्या पाळकांना सांगितलेलं नाही, नवऱ्याला तर नाहीच. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या मंडळीतले नाही — आणि माझ्या सासूबाईंना ओळखत नाही.

आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहतो, तळमजल्यावर. दर बुधवारी घरी बायकांची प्रार्थनासभा, शिकवणार मी. एकदा प्रकटीकरण घेतलं — बायबलचं शेवटचं पुस्तक, जगाच्या अंताचं. काय रंगायची सभा! त्यातलं सात डोक्यांचं श्वापद मी मोठ्या कागदावर स्केचपेनने काढलं होतं. उल्हासनगर कॅम्प पाचहून दोघी खास रिक्षा करून यायच्या. भीती घालायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

खरं तर अंबरनाथच्या शिबिरात मी नीट शिकले होते — हे लिखाण दृष्टान्ताचं. छळ सोसणाऱ्या माणसांना धीर यावा म्हणून चित्रांतून लिहिलेलं. श्वापद म्हणजे जुलमी सत्ता, समुद्र म्हणजे गिळायला उठलेलं संकट. पेपरातल्या बातमीसारखं ते वाचायचं नसतं. ठाऊक होतं मला. पण मग सभेत मजा काय राहणार?

सासूबाई उरणकडच्या, उभा जन्म मिठागरात गेला. सासरेही तिथलेच, आता प्रभूकडे. नव्या पृथ्वीवर समुद्र नसणार, हे मी वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "अगो, मंग म्हातारा तिकरं काय करीत बसला असल?"

बायका हसल्या. आणि मी — कसं सांगू? त्याच सकाळी त्यांनी माझ्या बोंबलाच्या कालवणाला नावं ठेवली होती, तीही शेजारणीसमोर. लग्न झाल्यापासून स्वयंपाकघरात मी हरतच आलेय... आणि इथे, देवाच्या वचनात, त्या माझ्या हाती आयत्या सापडल्या. समजावायला दोन वाक्यं पुरली असती. मी म्हटलं, "लिहिलंय ते लिहिलंय, आई. समुद्र नाही म्हणजे नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला गंमत वाटली — हो, वाटली. पण मग त्यांनी आमेन म्हणायचंच सोडलं. स्वर्गाचं गीत सुरू झालं की उठून कणीक मळायला जायच्या. सासऱ्यांचं नाव काढेनाशा झाल्या. मी बघत होते. सांगायला काय धाड भरली होती? पण मग सभेपुढे माझी शोभा झाली असती ना!

पुढच्या पावसाळ्यात नदी घरात शिरली. गादी, फ्रिज, माझं ते श्वापद — सगळं चिखलात. सभेतल्या बायका मदतीला आल्या. चिखल उपसता उपसता माझ्या तोंडून निघून गेलं — समुद्र नसणार म्हणजे हे नसणार, घरात शिरणारं पाणी! खारा वारा, मिठागर देव कशाला काढून घेईल? सासूबाईंचा खराटा थांबला. "कवा समजला गो तुना?"

"आत्ताच, आई. पाणी बघून सुचलं."

बघा, तेव्हाही खोटंच बोलले.

केवढ्या खुलल्या त्या! आता त्यांचं आमेन इतकं दणदणीत असतं की वरच्या मजल्यावरची माणसं डोकावतात. सासऱ्यांना तिकडे काय काय कामं सांगायची, तेही ठरलंय. माझ्या कालवणाला पुन्हा नावं ठेवतात, आणि मला चक्क बरं वाटतं. भेटेल त्याला, अगदी कापडवाल्या सिंधी काकांनासुद्धा सांगत सुटतात — माझे सुनंनी माझा समिंदर परत आनला!

मी शेजारी पिशवी धरून उभी असते, हसून मान डोलावते. आणला खरा. नेला होता तोही मीच.