हिरवी खूण

हे मी घरात कोणालेच सांगितलं नाही. बायकोले नाही, आईले तं नाहीच. तुमाले कावून सांगून राहिलो — मलेही नीट माहीत नाही.

भिलाईतल्या एका लहान खाजगी कारखान्यात मी सॉफ्टवेअर पाहत होतो. देवराव काका तिथं दर तासाले पंपांचं तापमान पाहून रजिस्टरमध्ये लिहीत. बाबांचे जुने मित्र, खुर्सीपार वस्तीत आमच्याच मागच्या गल्लीत घर. त्यांचं रजिस्टर मीच बंद करवलं, हाती टॅब दिला. हिरवी खूण आली का नोंद झाली समजा, म्हटलं.

मग टॅबमध्ये अपडेट आलं. माह्या प्रोग्रामची फाइल जिथं लिहिली जात होती, ती जागा आता फक्त वाचायची झाली — लिहिणं बंद. दर नोंदीले लाल एरर. अन् दुसऱ्या दिवशी साहेबांपुढं डेमो. फाइलची जागा बदलायची, एवढंच तं काम होतं. मी काय केलं? एररच दाबून टाकला. नोंद होवो का न होवो, खूण हिरवीच येईल असं करून ठेवलं. नंतर पाहू म्हटलं, अन् विसरलो... विसरलो? नाही. रोज आठवत होतं. आळस केला.

अकराव्या दिवशी एक पंप जळला. टॅब उघडला तं अकरा दिवस कोरे.

"मी रोज टाकलं जी, हिरवं येत होतं," काका म्हणत होते. साहेबांनी माह्याकडं पाहिलं. सॉफ्टवेअर बराबर आहे, म्हटलं मी.

राउंड न घेता बसून राहिले म्हणून काकाले काढलं. बावीस वर्षांची नोकरी. त्याच संध्याकाळी मी फाइलची जागा बदलली. दीड तास लागला.

काकानं मले शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. पण ते आईले म्हणाले, "पोराचं कसं चुकन वहिनी? माह्यानंच बटन बराबर दाबलं गेलं नसन." आकडा कधी न चुकलेला माणूस — स्वतःच्याच हातावर भरोसा उरला नाही. मी बाजूले चहा पीत होतो.

परवा ते मोबाइल घेऊन आले. सिलिंडर बुक करायचा होता. "तूच दाब बाबू, माह्या हातानं चुकते."

मी दाबलं. हिरवी खूण आली. त्यांनी तिच्याकडं पाहिलंच नाही, माह्याकडं पाहिलं.

"गेलं ना?"

मी हो म्हणून मान हलवली.