पुरायला दिलेलं पुस्तक

आधुनिक ज्यू समाजाचा इतिहास, धर्म आणि संस्कृती हा विद्यापीठातल्या त्या विभागाचा संशोधनाचा विषय. तिथं कागदपत्रांची नोंद ठेवणाऱ्या बाईंच्या वाट्याला त्यातली धूळ यायची. घराघरांतून आलेली पत्रं, लग्नाचे करार, प्रार्थनेची पुस्तकं मऊ ब्रशनं झाडायची, आत खुणेची चिठ्ठी घालायची, कार्ड लिहायचं. एकोणीस वर्षं हेच. बाई त्या समाजातल्या नव्हत्या, पण कुणाची आत्या कोणत्या बोटीनं परदेशी गेली हे त्यांना सासरच्या गोतावळ्यापेक्षा चांगलं पाठ होतं. "आज माहेरी उशीर झाला वाटतं," असं नवरा चिडवायचा.

सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची देखभाल करणारे काका एकदा दोन पोती पुस्तकं घेऊन आले. देवाचं नाव असलेला कागद त्यांच्यात टाकून देत नाहीत. जीर्ण झाला की कबरस्तानात पुरतात.

"महिनाभर वाचा ताई, पण जसं दिलं तसं परत हवं. यात माझ्या गेलेल्या बायकोचं पुस्तक आहे. मुलांचे जन्म तिनं मागच्या पानांवर लिहिलेत. तिच्याशेजारी पुरायचंय."

बाईंनी शब्द दिला. हातानं लिहिलेल्या पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घातल्या आणि मग लेकीच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवस रजेवर गेल्या.

परतल्या तेव्हा पोती रद्दीच्या ढिगाला टेकलेली. विभागप्रमुख सर सँडविच खात, लोणी लागलेल्या बोटांनी कापलेली पानं चिकटपट्टीनं काळ्या पुठ्ठ्यावर लावत होते. पुठ्ठ्यावर मथळा होता, 'कागद जपणारा समाज'.

"छापील मजकूर कुठंही मिळतो हो. संशोधनाला हस्ताक्षर लागतं," सर म्हणाले. "तुमच्या चिठ्ठ्यांमुळे किती सोपं गेलं. जिथं चिठ्ठी, तिथं ब्लेड."

 बाईंना त्या माणसाची किळस तर आलीच, पण चिठ्ठ्यांवरच्या आपल्या नीटनेटक्या अक्षराची त्याहून जास्त.

"काका आज न्यायला येणार आहेत, सर."

"वाळवी लागली म्हणून सांगा. तुमचं ऐकतील ते."

काका आले. सर लगबगीनं पुढे झाले, दुःखी चेहरा करून बाईंकडे बघत राहिले. तो चेहरा बघून बाईंना जे बोलायचं होतं ते आपोआप तोंडातून बाहेर पडलं.

"वाळवी नाही काका. पानं सरांनी कापलीत. कुठली कापायची ते माझ्या चिठ्ठ्यांनी दाखवलं."

"नोकरीचा विचार करा, बाई," सर पुटपुटले.

"इतकी वर्षं तोच केला."

बाईंनी रद्दीतून काकांच्या बायकोचं पुस्तक शोधलं. पुठ्ठ्यावरची तीन पानं नखांनी, श्वास रोखून सोडवली. काकांनी ती डोळ्यांजवळ धरली, एकेक नाव हळूच वाचलं आणि तिसऱ्या पानावर थांबले.

"धाकटीचं नाव कुठंय?"

पुठ्ठ्यावर उरलेल्या चिकटपट्टीला शाईचा निळा पापुद्रा लागला होता. बाईंनी नुसतं बोट दाखवलं.

"मग ती पट्टीपण द्या," काका म्हणाले.

सर म्हणाले, प्रदर्शनाचा पुठ्ठा फाटेल. बाईंनी तो गुडघ्याखाली दाबला आणि पट्टी पुठ्ठ्याच्या सालीसकट ओढून काढली.