नदी चढायच्या आधीची रजा

लढाईची वर्षं होती. बेळगावच्या कॅम्पात हॉटेलांना उसंत नसायची. पलटणीतले शिपाई, ठेकेदार, कोर्टाच्या तारखेला आलेले खेडूत, सगळ्यांना सकाळी इडली आणि चहा हवा असे. अशाच एका हॉटेलाच्या मागच्या पडवीत मी दगडी रगड्यावर पीठ वाटत असे. नवरा पलटणीत भरती होऊन लांब गेला होता. सासू आणि माझी लहानगी गावाकडे होत्या. शेजारच्या रगड्यावर माझ्या जोडीला आमच्याच गावची एक बाई होती. वयानं मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणत असे.

आमचं गाव निपाणीच्या पलीकडे, वेदगंगेच्या काठाला. तीन बाजूंनी नदी आणि चौथ्या बाजूला ओढा. उन्हाळ्यात ओढ्यातून बैलगाडी आरामात जाई. आषाढात नदीचं पाणी ओढ्यात शिरलं की गावाचं बेट व्हायचं. मग मीठ संपलं तरी बाहेरून आणायची सोय नाही. म्हणून मृग निघायच्या आधी घर शाकारायचं, जळणाच्या शेणी कोरड्यात रचायच्या, जोंधळा आणि रॉकेल भरून ठेवायचं. हे ज्याला जमलं नाही त्याचा पावसाळा फार वाईट जाई.

आदल्या वर्षी आक्काला मालकांनी सोडलं नव्हतं. लग्नसराई होती, पीठ कोण वाटणार? तिची आई एकटी. घर शाकारलं नाही, भिंत बसली, आणि म्हातारीनं अख्खा पावसाळा शेजाऱ्यांच्या गोठ्यात काढला. आक्काला हे गणपतीत कळलं. त्यानंतर ती वाटताना बोलेनाशीच झाली होती.

कॅम्पातल्या हॉटेल कामगारांनी तेव्हा नुकतीच युनियन काढली होती. पुढारी म्हणजे आमच्याच हॉटेलातले चहाच्या भट्टीवरचे आप्पा. उंच, सावकाश बोलणारा माणूस. दुपारी गिऱ्हाइकं ओसरली की मैदानाकडच्या चिंचेखाली सभा भरे. आठवड्याची सुट्टी युनियननं मिळवली होती. टेबलांखाली न झोपता झोपायला वेगळी खोली मिळावी म्हणून बोलणी चालली होती. पण वाटणाऱ्या बायका यात धरलेल्या नव्हत्या. आम्ही रोजावरच्या.

त्या उन्हाळ्यात मी आक्काला हाताला धरून सभेला नेलं. मृगाच्या आधी गावाकडे जायला रजा हवी, असं मी सांगितलं. एक वेटर हसून म्हणाला, "दोन बायका गावाला जाणार, त्याला युनियन कशाला गं? घरचं काम हाय ते."

मला राग आला. मी म्हटलं, "तुमाला निजायला खोली पायजे, ते बी घरचंच की! आमचं घर पाण्यात हाय. आमी हितं पीठ वाटत बसायचं, आनि तिकडं आमची मानसं गोठ्यात निजायची व्हय?"

आप्पांनी आक्काला विचारलं, "आई आता कशी हाय?"

"खोकत्या," आक्का म्हणाली. पुष्कळ दिवसांनी मी तिचा आवाज ऐकला.

पुढच्या सुट्टीला आप्पा एकटेच आमच्या गावी गेले. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार घाटात ढकलावी लागली म्हणे. गावात माझ्या सासूनं त्यांना अंगणातच उभं केलं. हॉटेलात कुणाचीही उष्टी काढावी लागतात, सुनेनं तिथं काम करणं तिला मुळीच पसंत नव्हतं. पाणी दिलं, पण बसा म्हणाली नाही. आप्पा उभ्यानंच पाणी प्याले, त्यांनी ओढा पाहिला, आक्काच्या आईची बसलेली भिंत पाहिली आणि ते परत आले.

दुसऱ्या दिवशी ते मालकांसमोर उभे राहिले. "अण्णा, या दोघींना सोडा. त्या येईपर्यंत पीठ आमी वाटतो."

"आमी म्हंजे कोन?"

"युनियनची मानसं. ज्याची सुट्टी असंल तो येईल."

मालक मोठ्यानं हसले. ते वाईट नव्हते, पण चुलीवरून इडली उतरली नाही तर त्यांचा दिवस फुकट जायचा. "गडी मानसं रगडा फिरवनार? बघू तरी!" असं म्हणून त्यांनी परवानगी दिली.

आम्ही गेलो. आक्काची भिंत गावकऱ्यांच्या मदतीनं उभी केली, दोन्ही घरं शाकारली, शेणी रचल्या. परत आलो तेव्हा मला हसणाऱ्या त्या वेटरच्या तळहातांना फोड आले होते. तो म्हणाला, "आक्का, तुमी हे रोज करता?" आक्का म्हणाली, "सनासुदीला जास्तच." आणि रगड्यापाशी बसली.

त्या वर्षी नदी नेहमीपेक्षा जास्त चढली. गावात हिवतापाची साथ आली. पोहून ओढा ओलांडून निपाणीच्या बाजारात आलेल्या गावच्या गड्यानं मोटारवाल्याकडून आम्हाला निरोप धाडला. युनियननं हॉटेलाहॉटेलांतून तांदूळ, मीठ आणि पैसे गोळा केले, आणि हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या विकत घेतल्या. ते घेऊन पुन्हा आप्पाच गेले. ओढ्यावर नाव नव्हती. गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसवून दोन पोहणाऱ्या गड्यांनी त्यांना पलीकडे नेलं. आप्पांना पोहता येत नव्हतं. ते म्हणायचे, मी डोळे मिटले होते, म्हणून काही सांगता येत नाही.

तेवढ्यात पाणी आणखी वाढलं आणि काहील परत फिरेना. आप्पा बेटावर अडकले. इकडे त्यांची भट्टी इतर हॉटेलांतल्या चहावाल्यांनी आळीपाळीनं सांभाळली. तिकडे आप्पांनी देवळाच्या ओवरीत चूल मांडली. तापातून उठलेल्यांना ते आलं घालून गुळाचा चहा देत. गावात तोवर चहा फारसा कुणी पीत नसे. माझी सासू पहिले काही दिवस लांबूनच बघत होती. मग माझी लेक तापली. आप्पांनी तिच्या उशाशी बसून तिला गोळ्या दिल्या, घोट घोट चहा पाजला. सासूनं त्या दिवशी त्यांच्यासाठी भाकरी थापली आणि घरात पाट मांडला.

पाणी उतरल्यावर आप्पा बेळगावला आले, बरेच वाळलेले. मी लेकीचं विचारलं. म्हणाले, "बरी हाय. लई हट्टी हाय. अजून चहा मागती." मी पडवीत जाऊन रडले. आक्कानं माझ्याही रगड्याचं काम ओढून घेतलं आणि दोन्हीकडचं पीठ एकटीनं वाटलं.

पुढच्या सभेत आम्हा दोघींना युनियनचं सभासद करून घेतलं. हळूहळू इतर हॉटेलांतल्या वाटणाऱ्या बायकाही चिंचेखाली येऊन बसू लागल्या. कुणाचं गाव नदीकाठी, कुणाचं खानापूरच्या रानात. प्रत्येकीची रजा वेगळ्या वेळची निघाली. एकीला भातलावणीला जायचं होतं, एकीला गावदेवीच्या जत्रेला, म्हाईला. आप्पा डोकं खाजवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "एकेक करून सांगा गं. बसा निवांत."